हातात किती पाहिजेत?

आमचा नाशिकच्या इंदिरानगरचा फ्लॅट विकायचा ठरला तो सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९९९ साली सव्वापाच लाखांना घेतला तेव्हा सासरे नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये होते आणि त्यांच्या फंडातले पैसेही त्यात घातले होते. तेव्हा पायऱ्या कोणी मोजल्या नव्हत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र ते खाली उतरले की वर येताना तीनदा बसायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्यासाठी जिन्यात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती खुर्ची पाहिली त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं: लिफ्टच्या इमारतीत जायचं, आणि त्यासाठी आधी हे घर विकायचं.

आमच्या ओळखीत कोणी घर विकलेलं नव्हतं. घेतलेली सगळी होती. घेण्यातलं आणि विकण्यातलं अंतर किती मोठं असतं ते पुढच्या आठ महिन्यांत कळलं.

पहिला एजंट कॉलनीतलाच. झेरॉक्सचं दुकान आणि जोडीला जागेचे व्यवहार. वीस वर्षं तोंडओळख. घरी आला, चहा घेतला, खोल्या पाहिल्या आणि म्हणाला, “ताई, भावाचं सोडा. तुमच्या हातात किती पाहिजेत तेवढं सांगा. वरचं माझं मी बघतो. तुमच्याकडून दलालीसुद्धा घेणार नाही.”

मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं. मी म्हटलं, अडतीस लाख. आणि त्याच बोलण्याच्या ओघात सासऱ्यांच्या गुडघ्यांचंही सांगितलं, दिवाळीच्या आत जमलं तर बरं होईल असंही म्हटलं. घर विकणाऱ्याने पहिल्या भेटीत जे दोन आकडे कधीच बोलू नयेत, ते मी दोन्ही बोलून बसले. एक आपला किमान भाव आणि दुसरा आपली घाई.

“हातात किती” या प्रश्नामागे काय असतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही अडतीस म्हणालात की एजंटसाठी घराची खरेदीची किंमत ठरली. आता तो गिऱ्हाइकाला बेचाळीस सांगो, चव्वेचाळीस सांगो, मधला फरक त्याचा. शिवाय घेणाऱ्याकडून दलाली वेगळी. म्हणजे तुमचा भाव जितका खाली येईल तितकं त्याचं पोट मोठं. दलालीवर काम करणाऱ्याला निदान भाव चढला तर दोन पैसे जास्त मिळतात. याला तुमचा भाव पाडण्यातच फायदा असतो. आणि हे चालायचं असेल तर एक गोष्ट टाळावीच लागते, ती म्हणजे विकणारा आणि घेणारा यांनी एकमेकांशी बोलणं.

म्हणून त्याने सुरुवातीलाच बजावलं होतं, “पार्टीसमोर भावाचं काढायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, भाऊंना विचारा.” आम्ही ते इमानाने पाळलं. दुपारी आम्ही दोघंही कामावर, म्हणून एक किल्लीही त्याच्याकडे दिली.

ऑगस्टभर माणसं येत राहिली. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि रोज घरात एक नवी खोट निघायची. तिसरा मजला. फरशी जुन्या पद्धतीची. बोगद्यापाशी ट्रॅफिक तुंबतं. हॉलला पश्चिमेचं ऊन. एकदा म्हणाला, देवघराची दिशा चुकली आहे, पार्टी वास्तू मानणारी होती. प्रत्येक वाक्य एका आकड्यावर येऊन थांबायचं: “ताई, छत्तीसवर या.” मी विरोध केला की सासऱ्यांचा विषय. “आजोबांसाठी करताय ना? मग दोन लाखांचं काय घेऊन बसलात?”

या माणसावर माझा सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर याचा. ज्या घरात मुलीचं बारसं झालं, ज्याच्या हप्त्यांसाठी आम्ही बारा वर्षं कुठे फिरायला गेलो नाही, त्या घराबद्दल महिनाभर रोज वाईट ऐकलं की माणसाला खरंच वाटायला लागतं की हे कोणी घेणार नाही. मी स्वतः हॉलमध्ये बसून फरशीकडे बघायची आणि मला ती कळकट दिसायची. यांनाही एक दिवस म्हटलं, देऊन टाकू छत्तीसला.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो कागद घेऊन आला. विसार पावती, म्हणजे बयाण्याचा कागद. “परवापासून पितृपक्ष. पंधरा दिवस कोणी घराचं नाव काढणार नाही. आज सही करा, एक्कावन्न हजार रोख आणलेत.” पावतीवर किंमत छत्तीस लाख, मुदत सहा महिने, आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. मी विचारलं, नाव कोणाचं? “पार्टी ठरली की टाकू.”

यांनी पेन उचललं होतं. मी शाळेत पंचवीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरली आहेत. कोऱ्या रकान्याखाली सही करायला माझा हात कधी धजावला नाही. “उद्या वकिलांना दाखवते” म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. वकील कशाला, वीस वर्षांची ओळख, विश्वास नाही का, वगैरे. कागद घेऊन गेला, पण मी तोवर मोबाइलमध्ये फोटो काढला होता.

वकिलांनी फोटो पाहून सांगितलं ते असं. या कागदाने आम्ही सहा महिने छत्तीसला बांधले जात होतो आणि समोर कोणीच बांधलं जात नव्हतं. सहा महिन्यांत त्याला चाळीस-बेचाळीसचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव कोऱ्या जागेत जाणार. नाही मिळालं तर एक्कावन्न हजारांसाठी तो घोळ घालत बसणार. आणि रोखीचं तर वेगळंच: जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या २६९ एसएस कलमाने ते मना होतं; जेवढी रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याच्या, म्हणजे आमच्या डोक्यावर. हा नियम २०१५ पासून जागांच्या व्यवहारालाही लागू आहे. एजंटला तो ठाऊक नसेल हे मला पटत नाही.

तरीही आम्ही त्याला सोडलं नाही. सही नाही म्हटलं, पण माणसं आणत राहा म्हटलं. आज ते लिहिताना त्रास होतो. कॉलनीतला माणूस, रोज समोर येणार, वाईटपणा कसा घ्यायचा, एवढंच कारण होतं.

नवरात्रात एक मुलगी आली घर पाहायला. तिशीच्या आतली, अंबडला एका कंपनीत काम करणारी, बरोबर आई. एजंट हॉलमध्ये फोनवर बोलत होता. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, ओट्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “काकू, साडेबेचाळीसच्या खाली काहीच नाही का होणार?”

मला क्षणभर कळेचना ती काय म्हणते आहे. साडेबेचाळीस? मी तर छत्तीसवर यायला निघाले होते. मी काही बोलणार तेवढ्यात तो आत आला आणि तिला बाल्कनी दाखवायला घेऊन गेला. तिचं नाव माझ्याकडे नव्हतं, नंबर नव्हता. पुढे मी कॉलनीत चौकशी केली, पत्ता लागला नाही. तिला घर आवडलं होतं हे तिच्या हाताच्या ठेवण्यातून कळत होतं. अडतीसला मी तिला त्याच पावली होकार दिला असता.

संध्याकाळी त्याला सरळ विचारलं. नाकारलं नाही. “मग? एवढी धावपळ करतो, पेट्रोल माझं, वेळ माझा. तुम्ही म्हणालात ते तुमच्या हातात पडत होतं की.” म्हटलं, तुम्ही तर छत्तीस म्हणत होता. त्यावर उत्तर नाही. किल्ली परत मागितली तर आज देतो, उद्या देतो. नवव्या दिवशी आम्ही कुलूपच बदललं.

त्या रात्रीपासून मी भाव स्वतः शोधायला बसले, आणि तो शोधता येतो हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, पैसे लागत नाहीत. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा. आमचा भाग कागदोपत्री वडाळा शिवारात. सर्व्हे नंबर आमच्याच खरेदीखतावर होता. दिवसा ते संकेतस्थळ फार रखडतं, म्हणून रात्री अकरानंतर बसायची. तिसऱ्या रात्री आमच्याच इमारतीतले दोन व्यवहार सापडले. सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे रकाने असतात. २०२२ मध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट छत्तीस लाखांना गेला होता, २०२३ मध्ये पहिल्या मजल्यावरचा साडेएकोणचाळीसला. कागदावरचा आकडा हाच खरा आकडा असेल असं नाही, काही जण वरची रक्कम रोखीत देतात. पण कमीत कमी किती, ते तर कळतं. मी ती दोन पानं छापून घेतली आणि कपाटात घराच्या कागदांवर ठेवली. महिन्याभराने पहिल्यांदा मला माझं घर पुन्हा नीट दिसलं.

दुसऱ्या एजंटबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो निदान वेळखाऊ नव्हता. गंगापूर रोडला काचेचं ऑफिस, गार हवा, पाण्याच्या बाटल्या. त्याला आमचा फ्लॅट विकण्यात रस नव्हताच. त्याला आम्ही एका बिल्डरच्या चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग करायला हवं होतं, आमचा फ्लॅट म्हणजे त्याचं डाउन पेमेंट. त्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार पुढे केला. (ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचे गेले आणि पाचशेचे आले, ते तिथेच कळलं.) त्यात एक ओळ होती की सहा महिन्यांत फ्लॅट कोणाहीमार्फत किंवा आम्ही स्वतः विकला तरी त्यांना दोन टक्के द्यायचे. मी ती ओळ काढा म्हटलं, तो म्हणाला छापील आहे. मी त्याचा रेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारला. नोंदणीकृत प्रोजेक्टमधली घरं विकणाऱ्या एजंटला २०१६ च्या कायद्याने तो क्रमांक लागतोच. “मॅडम, ते हेड ऑफिसला असतं.” आम्ही उठलो. आमच्यासारख्या जुन्या, पूर्ण झालेल्या इमारतीतल्या फेरविक्रीला या कायद्याचं संरक्षण मिळत नाही, हे वकिलांनी आधीच सांगितलं होतं. तिथे आपलं आपणच सांभाळायचं.

निघता निघता त्याने आणखी एक सल्ला दिला: खरेदीखत बत्तीसचं करा, बाकीचे रोख घ्या, टॅक्स वाचेल. आमच्या सीएंनी सांगितलं की लपवण्याची गरजच नाही. घर विकून झालेल्या भांडवली नफ्याएवढे पैसे दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातले तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली सूट मिळते, आणि आम्ही ते करणारच होतो. शिवाय आमचं घर २००१ च्या आधीचं, त्यामुळे खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ज्या करासाठी माणसं घाबरून रोखीच्या भानगडीत पडतात तो अनेकदा लागणारच नसतो.

तिसरी एजंट बाई होती. सिडकोतली, मोपेडवरून येणारी, आवाज खणखणीत. शाळेतल्या एका मैत्रिणीने नंबर दिला आणि बजावलं, तोंडाने फटकळ आहे.

खरंच होती. आल्या आल्या म्हणाली, “मॅडम, बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे. ती आधी दुरुस्त करा, घर रंगवा, आणि पॅसेजमधलं ते लोखंडी कपाट हलवा. त्याशिवाय मी माणूस आणणार नाही.” कपाट सासऱ्यांचं होतं. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, “बाबांचं आहे ते मला माहीत आहे. पण येणाऱ्याला माहीत नाही.” मी बेचाळीस सांगितले. “विसरा. लिफ्ट नाही. चाळीस. चाळीसच्या खाली मी येऊ देणार नाही, वर मागू देणार नाही.” मी माझी सूची दोनची पानं पुढे ठेवली. तिने पर्समधून तिची काढली. तीच दोन, आणि मागच्या गल्लीतली आणखी तीन.

मग तिने विचारलंच नाही की हातात किती पाहिजेत. दोन्हीकडून एक-एक टक्का, खरेदीखत झाल्यावर, चेकने. वहीच्या पानावर लिहिलं, खाली सही केली, माझी घेतली.

आमचं तिच्याशी तीनदा कडाक्याचं भांडण झालं. सकाळी सातला फोन करायची. एकदा मी मासे तळत असताना माणसं घेऊन आली आणि त्यांच्यासमोर मला बोलली. रंगाला अठ्ठावीस हजार गेले, त्यावरून यांचं आणि तिचं वाजलं. सासऱ्यांना नणंदेकडे हलवलं तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. तरी ती अवघड बाई आणि तो गोड बोलणारा माणूस यांत मला कोण चालेल, हे मला विचारावं लागत नाही. ती जे बोलायची ते तोंडावर, आणि दोन्ही बाजूंना एकच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने एक कुटुंब आणलं. नवरा सिन्नरच्या कारखान्यात, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि बरोबर नवऱ्याचे वडील, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागाईतदार. त्यांनी जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजल्या. तिने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, मधे स्टुलावर वही ठेवली आणि म्हणाली, “आता बोला.”

कोणीच बोलेना. सहा महिन्यांपूर्वी मला सांगितलं गेलं होतं की असं बोलायचं नसतं. शेवटी ते वडीलच म्हणाले, “आम्ही बागेचा सौदा व्यापाऱ्याशी बांधावर उभं राहून करतो. घड हातात धरून. मग घराचा भाव दुसऱ्याच्या कानातून कशाला?” त्यांनी अडतीस म्हटलं. मी चाळीस म्हटलं, आणि पहिल्या मजल्याच्या व्यवहाराचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मुलाला वाचायला लावलं. मग म्हणाले, पहिला मजला साडेएकोणचाळीस, तर तिसऱ्याला चाळीस कसे? मी म्हटलं, दीड वर्ष झालं त्याला, आणि रंग, नवी वायरिंग, आतली सगळी कपाटं इथेच राहणार. तिने मधे एकही शब्द घातला नाही. अर्ध्या तासात चाळीस ठरले. पैशांची मुदत मात्र त्यांची: बागेचा माल मार्चच्या मध्यापर्यंत निघणार, तेव्हा त्यांचा हिस्सा, बाकी मुलाचं बँकेचं कर्ज. तिने सुनेला सांगितलं, घर एकटीच्या नावावर घ्या, महिलेला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, चाळीस हजार वाचतील. तिच्या सासऱ्यांनी लगेच मान डोलावली. ते मला फार आवडलं.

आणि मग तो पहिला पुन्हा उगवला. चहाच्या टपरीवर त्या वडिलांना गाठून म्हणाला, या फ्लॅटचे कागद कच्चे आहेत, तिथे सोसायटीच नाही, शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला मागा, मिळणार नाही. अर्धं खरं बोलला. आमच्या इमारतीत सोसायटी नाहीच, अपार्टमेंट आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आधी डिक्लरेशन नोंदवतात आणि मग प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून देतात. त्यात फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. नाशकात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. शेअर सर्टिफिकेट असण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. रात्री साडेनऊला वडिलांचा फोन आला, आवाज पडलेला. दुसऱ्या दिवशी वकिलांकडे सगळे जमलो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल) आम्ही डिसेंबरमध्येच काढून ठेवला होता, बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला होता, पूर्णत्वाचा दाखला होता, घरपट्टीची चालू पावती होती. वकिलांनी डीडमधला टक्केवारीचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. वडिलांनी विचारलं, “म्हणजे जमिनीतही वाटा?” मग त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण ती एक रात्र आम्हाला झोप नव्हती.

विसार चेकने घेतला, साठेखत, म्हणजे विक्रीआधीचा करार, रीतसर नोंदवलं. खरेदीखत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. एक एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे जागांचा सरकारी दर, वाढणार अशी हवा होती (वाढलाही), त्यामुळे दुय्यम निबंधकांकडे जत्रा भरल्यासारखी गर्दी. सकाळी दहाला गेलेलो, फोटो आणि अंगठे व्हायला संध्याकाळचे सहा. सुनेच्या सासूबाईंनी डब्यात पिठलं-भाकरी आणली होती, ती बाहेरच्या कट्ट्यावर सगळ्यांनी मिळून खाल्ली. एजंटबाईही होती. तिने चेक घेतला, पावती फाडून दिली, आणि मोपेडला किक मारताना यांना म्हणाली, “रंगाचे अठ्ठावीस वसूल झाले का?” हे म्हणाले, झाले.

ताबा गुढीपाडव्याला द्यायचा ठरला होता. आदल्या दिवशी घर रिकामं केलं. नव्या घरी, पाथर्डी फाट्याजवळ, सासरे लिफ्टमधून दोनदा उगाचच खाली-वर करून आले. पाडव्याच्या सकाळी मी एकटीच इंदिरानगरला गेले, फरशी पुसली, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं. साडेआठला ती माणसं गुढीचं सामान घेऊन आली. बदललेल्या कुलपाच्या तीन किल्ल्या होत्या. वडिलांनी पुढे केलेल्या हातावर मी त्या एकेक करून मोजून ठेवल्या.